सोळा जीबीत न मावणारं लातूर

महादेवप्पा बिराजदारांचा फोन आला नाही असा एकही दिवस गेल्या दोन महिन्यांत लुबनाला आठवत नव्हता. नांदेडला देगलूर नाक्याजवळ तिचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. सकाळी शटर वर करून ती काउंटर पुसते न पुसते तोच फोन वाजायचा आणि लातूरहून तो शांत, अदबशीर आवाज यायचा, "ताई, दोन मिनिटं हाय का?" ती दोन मिनिटं कधीच दोन नसायची. एकदा तर समोर तीन गिऱ्हाइकं ताटकळत असताना ती चाळीस मिनिटांवर गेली होती.

राग धरावा तर माणूस वाईट नव्हता. लातूरच्या एका खाजगी मोजणी ऑफिसात चौतीस वर्षं आरेखक म्हणून नकाशे काढलेला, आता निवृत्त होऊन सहा वर्षं झालेला. मुलगी वर्षाराणी नांदेडला दिलेली. बाबा दिवसभर खुर्चीत बसून राहतात, त्यांना काहीतरी नाद पाहिजे, म्हणून तिनंच लुबनाच्या दुकानातून नवी मशीन जुळवून घेतली होती. चांगला प्रोसेसर, सोळा जीबी रॅम, सहा जीबीचं ग्राफिक्स कार्ड, वेगवान एसएसडी डिस्क. नातेवाइकांचे फोटो बघायला एवढं कशाला, हे लुबनानं तेव्हाच बोलून दाखवलं होतं. पण वर्षाराणीच्या नवऱ्यानं त्यात एक खेळ टाकून दिला आणि तिथून लुबनाच्या मागं हे सगळं लागलं.

खेळ शहर वसवायचा होता. आधी नुसती मोकळी जमीन असते. तिच्यावर रस्ते आखायचे, नळ न्यायचे, वीज न्यायची, घरं बसवायची. मग माणसं राहायला येतात, रिक्षा-मोटारी धावायला लागतात, आणि त्यातलं प्रत्येक माणूस न् प्रत्येक गाडी मशीनला लक्षात ठेवावी लागते. शहर वाढेल तशी मेमरी भरत जाते. बाकीचे लोक महिनाभर खेळून कंटाळतात. महादेवप्पा, म्हणजे अप्पा, कंटाळले नाहीत.

पहिली तक्रार होती, खेळ आपोआप बंद पडतो. लुबनानं फोनवरून एकेक सेटिंग उघडायला लावली तेव्हा कळलं की अप्पांनी व्हर्च्युअल मेमरी पार बंद करून ठेवली आहे. रॅम भरली की वरचं सामान ठेवायला विंडोज डिस्कवर थोडी जागा राखून ठेवतं. ती जागाच उरली नव्हती. कुणी सांगितलं असं करायला, म्हणून तिनं विचारलं. एका व्हिडिओत सांगितलं होतं, मशीन पळायला लागते म्हणून. व्हिडिओवाल्यानं लाल बाण काढून दाखवलं होतं, असंही अप्पांनी सांगितलं, जणू बाण होता म्हणजे खोटं असणार नाही.

तिनं ती पुन्हा चालू करायला सांगितली. त्यांनी केली, पण नव्या एसएसडीवर नाही, जुन्या हार्ड डिस्कवर. ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरची ती डिस्क अप्पांनी हट्टानं या मशीनमध्ये बसवून घेतली होती, आत त्यांचे नकाशे होते. आता खेळ बंद पडत नव्हता, पण एक रस्ता आखला की पडदा थिजायचा. अप्पा फोनवर म्हणायचे, "ताई, लई थांबून राहिलंय." जुनी डिस्क हळू चालते म्हणून थांबतंय, हे तिनं चार वेगवेगळ्या दिवशी चार वेगवेगळ्या शब्दांत समजावलं. अप्पा दर वेळी हाव हाव करत होकार द्यायचे, लिहून घ्यायचे, आणि दुसऱ्या दिवशी नवाच व्हिडिओ बघितलेला असायचा.

मग एका मंगळवारी त्यांनी तिला न विचारता लातुरातूनच रॅमच्या आणखी दोन पट्ट्या विकत आणल्या आणि स्वतःच बसवल्या. कंपनी वेगळी, चाल वेगळी. मशीन चालू होईना, पडदा काळा. लुबनानं व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. फोन त्यांच्या बायकोच्या, शिवम्मांच्या हातात होता. अर्धा तास लुबनाला छताचा पंखा दिसला, मग शिवम्मांचा कान, मग पुन्हा पंखा. "खाली धरा, मामी, खाली," ती सांगत होती आणि शिवम्मा शांतपणे म्हणत होत्या की खालीच धरलाय.

त्या दिवशी घरी येऊन तिनं नवऱ्याला, रिजवानला, सांगून टाकलं की आता ती त्या माणसाचा फोन उचलणार नाही. रिजवाननं आठवण करून दिली की येत्या रविवारी लातूरला जायचंच आहे. तिच्या बिलकीस खालाच्या, म्हणजे मावशीच्या, मुलीची मंगनी होती, साखरपुडा. दोन तास आधी निघू, एकदाची ती मशीन डोळ्यांनी बघून घे, म्हणजे तुझंही डोकं शांत आणि माझंही.

रविवारी साडेनऊला रिजवाननं तिला औसा रोडच्या आतल्या गल्लीत अप्पांच्या दारात सोडलं आणि तो मिठाई आणायला निघून गेला. मंगनीचा जरीचा सूट घातलेला, हातात स्क्रू ड्रायव्हरची पिशवी. दार शिवम्मांनी उघडलं. लुबनाला वरपासून खालपर्यंत बघून त्या म्हणाल्या, "तुम्हीच का त्या? लग्नाला चाळीस वर्षं झाली, माझ्याशी बोलले न्हाईत तेवढं तुमच्याशी बोलून राहिलेत."

अप्पा मागून आले. उंच, वाळके, कपाळावर विभूती, शर्टाच्या खिशात तीन पेनं. आवाजावरून लुबनाला बुटका, गोल माणूस वाटला होता. तिला उगीचच त्याचाही राग आला.

तिनं कॅबिनेट उघडलं. चारही पट्ट्या चुकीच्या जोडीनं बसलेल्या, एक तर नीट आत गेलेलीही नव्हती. तिनं सगळ्या काढल्या, पुसल्या, एकेक लावून तपासली. चारही चांगल्या निघाल्या. मग जुनी जोडी तिच्या जागी, नवी जोडी तिच्या जागी. मशीन सुरू होताना बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मुळातल्या सेटिंगमध्ये, जाऊन तिनं रॅमची चाल कमी केली. अप्पांना नवल वाटलं, त्यांना वेग वाढवून हवा होता. तिनं सांगितलं की चार जण एका दोरीनं बांधले तर सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या पावलानंच चालावं लागतं, नाहीतर चौघंही पडतात. तुम्ही मला विचारून आणल्या असत्या तर हे झालं नसतं. हे वाक्य ती दोन महिने साठवून आली होती, तरी म्हणताना तिला वाटलं होतं तेवढं बरं वाटलं नाही. अप्पांनी ते वहीत लिहून घेतलं.

व्हर्च्युअल मेमरी तिनं एसएसडीवर आणली. खेळातल्या सावल्या कमी केल्या, लांबच्या इमारतींची बारीक कलाकुसर कमी केली, चित्र सेकंदाला तीसच वेळा बदलेल असा लगाम घातला. शिवम्मांनी चुरमुऱ्यांचा सुशीला आणून ठेवला होता तो मध्ये मध्ये खाल्ला. साडेअकराच्या सुमाराला शहर उघडलं, आणि थिजलं नाही. अप्पा खुर्ची पुढं ओढून बसले.

लुबनानं मेमरीचा आकडा बघितला. बत्तीसपैकी एकोणतीस जीबी भरलेली. म्हणजे पंधरा दिवसांत पुन्हा फोन. आहे तरी काय यात एवढं, तिनं विचारलं.

"लातूर," अप्पा म्हणाले.

त्यांनी माउस फिरवला. खरंच लातूर होतं ते. मधोमध गंजगोलाईचा गोल, त्यातून फुटलेले रस्ते. पण हे रस्ते सरळ होते, रुंद होते, दोन्ही बाजूंना पायवाट आणि कडुलिंबाची झाडं. एकतीस हजार लिंब, एकेक हातानं लावलेला. खेळात एकदम जंगल ओतायची सोय असते, पण तसं ओतलं की झाडं कुठंही उगवतात, म्हणून अप्पांनी दर पंधरा फुटांवर एकेक लावला होता. पाण्याच्या टाक्या होत्या, नाले झाकलेले होते, शाळांना मैदानं होती. ऑफिसात असताना शहरासाठी त्यांनी जे जे नकाशावर आखलं होतं आणि जे नकाशावरच राहिलं, ते सगळं त्यांनी जुन्या डिस्कमधल्या मापांवरून इथं उभं केलं होतं. एक रस्ता तर त्यांनी नोकरीत अकरा वेळा काढला होता, दर वेळी कुठून तरी चिठ्ठी यायची आणि तो थोडा वळायचा. इथं तो सरळ होता.

लुबनाचा राग थोडा उतरला. मग तिनं धंद्याची गोष्ट सांगितली, की ही झाडं निम्मी करा, मशीन वाऱ्यासारखी चालेल. अप्पांनी तिच्याकडं असं बघितलं की तिनं तो विषय तिथंच सोडला.

वेळ होत आली होती. सहज म्हणून ती पडद्यावर खालाचं घर शोधायला लागली. गंजगोलाईच्या मागं पिंजारी गल्ली. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्या तिथंच गेलेल्या, रस्ता डोळे मिटून सापडला असता. ती गोलाईपासून मागं आली, मशिदीपाशी वळली, आणि पुढं गल्लीच नव्हती. तिथं अठरा मीटरचा रस्ता होता. मधल्या दुभाजकावर फुलझाडं होती आणि रस्त्यावरून एक पिवळी बस चालली होती.

तिनं दोनदा फिरून बघितलं. मग विचारलं, "अप्पा, इथली गल्ली कुठं गेली?"

अप्पांनी चष्मा नीट केला. तो रस्ता रुंदीकरणातला आहे, गोलाईवरची गर्दी फोडायला आखलेला, पण प्रत्यक्षात झाला नाही, असं त्यांनी जरा अभिमानानंच सांगितलं.

"झाला नाही ते बरं झालं," लुबना म्हणाली. "आज दुपारी तिथं मला जेवायला जायचंय."

अप्पांचा माउसवरचा हात थांबला. पिवळी बस पडद्याबाहेर निघून गेली, तिच्यामागून दुसरी आली. मग त्यांनी विचारलं, घर नेमकं कोणत्या बाजूला येतं. तिनं बोट ठेवलं ते दुभाजकाच्या फुलझाडांवर.

चौतीस वर्षांत ते त्या गल्लीत एकदाही गेले नव्हते. मोजणीवाले मापं आणायचे, कागदावर घरं म्हणजे नंबर घातलेले चौकोन असायचे, आणि अप्पा त्यांच्यावरून रेघ ओढायचे. हे त्यांनी तिला सांगितलं तेव्हा रिजवान बाहेर हॉर्न वाजवत होता. अप्पा उठले, खुंटीवरची टोपी घेतली आणि विचारलं की पाच मिनिटं येऊन गल्ली बघितली तर चालेल का. आज मंगनी आहे, घरात पाहुणे भरलेत, हे सांगायला लुबनानं तोंड उघडलं, पण ते आतल्या खोलीतून फीत आणायला गेलेही होते. मोजायची फीत, तीस मीटरची.

पिंजारी गल्लीत गाडी जात नाही. कोपऱ्यावर उतरून चालत जावं लागतं. अप्पा प्रत्येक दारापाशी थांबत होते. कुणाच्या ओट्यावर वाळत घातलेल्या मिरच्या, कुणाची शेळी, खालाच्या दाराला मंगनीसाठी बांधलेले झेंडूचे हार. मग त्यांनी फीत काढली. दुसरं टोक धरायला कुणी तरी हवं होतं, म्हणून त्यांनी समोर उभ्या असलेल्या गृहस्थांच्या हातात दिलं. ते गृहस्थ नवरदेवाचे वडील होते, उदगीरहून आलेले, नव्या शेरवानीत. त्यांनी मुलीकडच्यांची काही रीत असेल असं समजून ते टोक भिंतीला नीट टेकवून धरलं. लुबनाला धरणी दुभंगली तर बरं असं झालं.

"तीन मीटर वीस," अप्पा म्हणाले आणि वहीत लिहिलं.

खालानं त्यांना आत घेतलं. आलेल्या माणसाला जेवल्याशिवाय सोडायची तिला सवयच नव्हती. शाकाहारी शेजाऱ्यांसाठी वेगळ्या चुलीवर केलेली खट्टी दाल, बघारे बैंगन आणि भात होता. पुढचा दिवाणखाना म्हणजे एरवी गाद्या शिवायची जागा, आज त्यावर चादरी पसरलेल्या. जेवता जेवता अप्पांनी विचारलं की घराला वरचा मजला का नाही, गल्लीत बाकी दोघा-तिघांनी चढवलाय.

खालानं सहज सांगितलं. खूप वर्षांपूर्वी कुणी तरी येऊन भिंतीवर लाल रंगानं नंबर टाकून गेलं. रस्ता येणार, घर जाणार. आज पाडतील, उद्या पाडतील, म्हणून तिच्या नवऱ्यानं मजला चढवला नाही. सहा माणसं दोन खोल्यांत राहिली. थोरल्या मुलानं लग्न झाल्यावर वेगळं घर केलं ते त्याच पायी. मग नवराही गेला. रस्ता आला नाही, आणि येणार नाही हेही कुणी येऊन सांगितलं नाही.

लुबनानं मान खाली घालून भात कालवायला घेतला. तिनं अप्पांकडं बघितलं नाही. त्यांनी काही बोलू नये असं तिला मनापासून वाटत होतं, आज तरी.

अप्पांनी हातातला घास ताटात ठेवला. "बाई, ती रेघ माझ्या हातची हाय."

खालाला आधी कळलंच नाही. कळल्यावर तिनं विचारलं, समोर एवढं मोठं गोदाम रिकामं पडलेलं असताना रेघ या बाजूनं कशी काय आली? अप्पांनी खरं सांगितलं. मोजणीच्या कागदावर गोदाम पक्कं दाखवलं होतं आणि ही घरं कच्ची.

"कच्ची?" खाला म्हणाली. पाहुण्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. मग ती उठली, अप्पांना हाताच्या इशाऱ्यानं उठवलं, आणि मागच्या खोलीच्या दारापाशी नेऊन भिंतीची जाडी दाखवली. तिच्या सासऱ्यांनी दगड-चुन्यात बांधलेली भिंत होती. मोजा म्हणाली. अप्पांनी मोजली. दोन फूट एक इंच. लिहा म्हणाली. त्यांनी लिहिलं. मग तिनं त्यांना परत आणून बसवलं आणि त्यांच्या ताटात आणखी भात वाढला, जरा जोरातच. त्या दिवशी ते दोघं पुढं एकमेकांशी बोलले नाहीत. निघताना अप्पांनी कहकशांच्या, म्हणजे नवरीच्या, हातात नारळ दिला आणि खालाला दोन्ही हात जोडले. खालानं मान हलवली. माफ केलं का नाही ते त्यावरून लुबनाला काही समजलं नाही.

नंतर तीन आठवडे लातूरचा फोन आला नाही. दुकान उघडल्यावर लुबना काउंटर पूर्ण पुसू शकत होती. चौथ्या दिवसापासून तिला ते चुकल्यासारखं वाटायला लागलं, आणि आपल्याला तसं वाटतंय याचाच तिला वैताग आला. एकदा तर तिनं स्वतःहून फोन लावायला घेतला आणि ठेवून दिला.

मग एका गुरुवारी फोन वाजला. अप्पांचा आवाज तसाच अदबशीर, मशीन पुन्हा अडकून राहिलीय म्हणून. लुबनानं इंटरनेटवरून त्यांचा पडदा आपल्या पडद्यावर उघडला. अठरा मीटरचा रस्ता मशिदीपाशी वळला होता आणि गोदामाच्या जागेवरून गेला होता. त्याच्या बाजूला तीन मीटर वीसची गल्ली होती, आणि गल्लीत त्रेचाळीस घरं, सगळी एकेक करून वेगळी बनवलेली, एकही दुसऱ्यासारखं नाही. खेळात मिळणारं तयार घर त्यांनी एकही वापरलं नव्हतं. बत्तीसपैकी साडेएकतीस जीबी भरली होती.

ती अजून घरं मोजतच होती तेवढ्यात फोनमधून दुसरा आवाज आला. बिलकीस खालाचा. खाला तिथं काय करत होती हे लुबनानं विचारलं. त्यात विचारण्यासारखं काय, असं खालाचं म्हणणं. शिवम्मांनी जेवायला बोलावलं होतं, आता ती दर गुरुवारी येते. आणि या माणसानं नळ चुकीच्या बाजूला लावलाय, इतक्यांदा सांगून ऐकत नाही. अप्पा म्हणाले की वहीत डावीकडंच लिहिलंय. खाला म्हणाली की चाळीस वर्षं त्या नळावर पाणी तिनं भरलंय, वहीनं नाही.

"ताई," अप्पा म्हणाले, "आणखी बत्तीस टाकता येईल का?"

लुबनानं कपाळाला हात लावला. तिनं दोघांनाही एक मिनिट गप्प बसायला सांगितलं आणि सेटिंगमधून पाण्यावरची चमक काढली, रात्रीचे दिवे काढले, रस्त्यावरच्या गाड्या निम्म्या केल्या. यातलं काही पुरणार नाही हे तिला माहीत होतं. तिनं अप्पांना सांगितलं की या वेळी पट्ट्या ती स्वतः आणेल, चारही एकाच कंपनीच्या, एकाच चालीच्या, आणि तोपर्यंत लातुरातल्या कुठल्याही दुकानात पाऊल टाकायचं नाही. अप्पांनी हाव म्हटलं. लिहून घेतल्याचा आवाज आला. मागं खाला शिवम्मांना नळाची गोष्ट पहिल्यापासून सांगत होती, आणि मशिदीच्या कोपऱ्यावरचं चहाचं हॉटेलही राहिलंय, असं मध्येच अप्पांना सुचवत होती.

काउंटरपुढं एक बाई प्रिंटर काखेत धरून केव्हाची उभी होती. लुबनानं फोनवर सांगितलं की आता मशीन बंद करून पुन्हा चालू करा आणि शहर उघडेपर्यंत कशालाही हात लावू नका. तशी काही गरज नव्हती. पण ते शहर उघडायला आता सात मिनिटं लागत होती, आणि तेवढ्यात प्रिंटरला काय झालंय ते ऐकून घेता आलं असतं.